बालाघाटाच्या डोंगरवाटांवर सायकलसफर : केव्हा जावे, केव्हा थांबावे

डोंगरवाटांवरून सायकल चालविण्याचा छंद आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. सह्याद्रीतील पावसाळी गर्दीला कंटाळलेल्या हौशींना बीड जिल्ह्यातील बालाघाटाची रांग खुणावू लागली, तर त्यात नवल नाही. येथे चढण आहे, माळ आहे, मुरमाच्या लांबच लांब वाटा आहेत आणि वाहनांची वर्दळ तुलनेने कमी आहे. मात्र येथील वाटा बाराही महिने सारख्या मोकळ्या नसतात. कधी त्या पावसाने बंद होतात, कधी वन खात्याच्या नियमाने, कधी उभ्या पिकाने, तर कधी वाटेवर माणूसच उरत नाही म्हणून. 'वाट बंद आहे' अशी पाटी यांपैकी फार थोड्या ठिकाणी दिसते. म्हणूनच बालाघाटाची सफर आखताना नकाशापेक्षा पंचांग आणि पिकांचे वेळापत्रक आधी हाती घ्यावे लागते.

युरोपातील आल्प्स पर्वतात हा प्रश्न बराचसा कायद्याने आणि फलकांनी सोडविलेला आहे. दोन हजार मीटरवरील वाटांवर जूनपर्यंत बर्फ असते, त्यामुळे सायकलींचा खरा हंगाम जूनच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा. त्यातही गुरांची कुरणे, शिकारीचा मोसम आणि वन्यप्राण्यांची विश्रांतिक्षेत्रे यांसाठी वेगवेगळे निर्बंध असतात. ऑस्ट्रियाच्या १९७५ च्या वनकायद्याने कोणालाही जंगलात पायी फिरण्याची मुभा दिली आहे. सायकलीसाठी मात्र जमीनमालकाची संमती लागते. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात दोन मीटरपेक्षा अरुंद जंगलवाटेवर सायकल चालविण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. पर्यटकाने फलक वाचावा आणि तसे वागावे, इतके ते सोपे आहे. आपल्याकडे मनाली-लेहचा रस्तासुद्धा बर्फाच्या वेळापत्रकावर चालतो आणि त्याची वार्ता वर्तमानपत्रांतून कळते. बालाघाटाची वार्ता कोणी देत नाही. ती गावात विचारूनच मिळते.

रांगेची ओळख

हरिश्चंद्रगडापासून निघालेली हरिश्चंद्र-बालाघाटाची रांग अहिल्यानगर जिल्ह्यातून बीड जिल्ह्यात शिरते आणि पुढे धाराशिव, लातूर, नांदेडकडे उतरत जाते. जिल्ह्याचे तिने सरळ दोन भाग पाडले आहेत. उत्तरेला गोदावरीकाठची सखल, काळ्या मातीची गंगथडी, ज्यात गेवराई, माजलगाव हे भाग येतात. दक्षिणेला आणि पश्चिमेला पाटोदा, आष्टी, केज, धारूर, अंबाजोगाई या बाजूचे पठार आणि डोंगर. बीड शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास आहे, तर पठाराचा बराचसा भाग सहाशे ते आठशे मीटरच्या दरम्यान येतो. आल्प्सच्या मानाने ही उंची किरकोळच. परंतु चढ थोडक्यात अंगावर येतो, सावली जवळजवळ नाही आणि माथ्यावरचा वारा सायकलस्वाराची परीक्षा पाहतो. पवनचक्क्या येथे उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत.

पाटोदा तालुक्याचे भौगोलिक महत्त्व सहसा लक्षात येत नाही. सिंदफणा आणि मांजरा या दोन्ही नद्या याच तालुक्यातील डोंगरांत उगम पावतात. दोघी शेवटी गोदावरीलाच मिळतात. पण सिंदफणा जिल्ह्यातच तिला भेटते, तर मांजरा दक्षिणेचा प्रचंड वळसा घालून तेलंगणाच्या सीमेवर जाऊन पोहोचते. सौताड्याजवळची विंचरणा मात्र सीनेकडे वळते आणि तिचे पाणी भीमेमार्गे कृष्णेला जाते. म्हणजे दोन दिवसांच्या सायकलसफरीत गोदावरी आणि कृष्णा या दोन महानद्यांमधला जलविभाजक ओलांडला जातो. एवढ्या लहान परिसरात असा योग फार थोड्या ठिकाणी येत असेल.

पावसाळा : वाफशाचा नियम

जिल्हा पर्जन्यछायेत असून वर्षाचा सरासरी पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या घरात आहे. आकडा ऐकून पावसाळ्यात येथे सायकल सहज चालेल असे वाटते. पाऊस कमी असला तरी माती काळी आहे, हे यात विसरले जाते. ही माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि टायरला लपेटून चौकटीच्या फटीत घट्ट बसते. शे-दोनशे मीटर अंतरात चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. यात सायकलस्वाराचे हाल होतात हे खरे, पण त्याहून मोठे नुकसान वाटेचे होते. ओल्या पांदणीत चाकांनी पडलेली चाकोरी वाळली की विटेसारखी कडक होते, पुढच्या पावसात तिच्यातूनच ओहोळ वाहतो, आणि ज्या शेतकऱ्याला बैलगाडी वा ट्रॅक्टर त्याच वाटेने न्यायचा असतो त्याला तो खड्डा हंगामभर सोसावा लागतो.

यावरचा नियम मराठवाड्यातील शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. पावसानंतर जमिनीला वाफसा आल्याखेरीज तो शेतात कुळव घालत नाही की पाभर धरत नाही. माती ओली असावी पण चिखल नसावा. हातात घेतलेले ढेकूळ दाबताच फुटावे, बोटांना चिकटू नये, ही वाफशाची सर्वमान्य खूण. सायकलस्वारानेही हीच खूण मानावी. शेजारच्या शेतात औत चालू असेल तर वाट चालण्याजोगी आहे. औत बांधावर उभे असेल तर डांबरी सडक सोडू नये. माथ्यावरचा मुरूम एक-दोन दिवसांच्या उघडिपीत सुकतो. खालच्या काळ्या पांदणीला त्याच पावसानंतर आठवडाही लागतो. पठारावर कोरडे पाहून उतरणीला लागलेल्यांची फसगत होते ती याच फरकामुळे.

जून ते सप्टेंबर या काळात कच्च्या वाटा टाळाव्यात, असे सर्वसाधारणपणे सांगता येईल. याच महिन्यांत जिल्ह्यातील धबधबे वाहते असतात, हीच अडचण आहे. पाटोदा तालुक्यातील सौताडा येथे विंचरणेचे पाणी खोल दरीत कोसळते आणि तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. बीडपासून जवळ असलेल्या कपिलधार येथेही धबधबा असून तेथे मन्मथ स्वामींची समाधी आहे. दोन्ही ठिकाणे डांबरी रस्त्याने गाठता येतात, तेव्हा पावसाळ्यात जायचे असल्यास तेवढाच रस्ता धरावा. दरीच्या काठावरील निसरड्या खडकांवर सायकल घेऊन छायाचित्रे काढण्याचा मोह जिवावर बेततो.

धबधबे, धरणे, तलाव यांच्या परिसरात पावसाळ्यात जिल्हाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यानंतर पुणे जिल्ह्यात असे आदेश तातडीने लागू झाले होते. हे आदेश ठराविक मुदतीचे असतात आणि दरवर्षी त्यांच्या तारखा बदलतात. मागील वर्षीच्या अनुभवावर विसंबून जुलै-ऑगस्टची सफर आखू नये. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी स्थानिक पोलीस ठाणे किंवा तहसील कार्यालयाकडे विचारणा करावी.

सप्टेंबरबद्दल वेगळे सांगावे लागते. पाऊस परतीला लागला, आता हरकत नाही, असा समज असतो. मराठवाड्यात पुष्कळदा सर्वांत जोराचा पाऊस याच महिन्यात होतो. २०२५ च्या सप्टेंबरात झालेल्या अतिवृष्टीने आष्टी, शिरूर कासार परिसरासह जिल्ह्याच्या अनेक भागांत पूर आला, शेते खरवडून निघाली. ओढ्यावरचा फरशी पूल पाण्याखाली असेल तर सायकल उचलून पलीकडे जाण्याचे धाडस करू नये. पाणी गुडघाभर दिसले तरी फरशी वाहून गेलेली असू शकते. परतीच्या पावसाबरोबर दुपारी वीजही येते, आणि उघड्या माळावर सायकलस्वार हाच सर्वांत उंच पदार्थ ठरतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे उपयोजन परिसरातील विजेची आगाऊ सूचना देते, ते मोबाइलमध्ये असावे. ढग जमताना दिसले की एकट्या झाडाखाली न थांबता पक्के घर गाठावे.

मोरांचे राज्य

मांजरसुंबा-पाटोदा मार्गालगतचे नायगाव मयूर अभयारण्य हे या परिसरातील सर्वांत काटेकोर निर्बंधाचे क्षेत्र होय. १९९४ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे तीस चौरस किलोमीटरचे आहे. मोरासाठी राखलेली अशी वने देशात मोजकीच आहेत. नकाशावर येथील वाटा सायकलीला फार सोयीच्या दिसतात: टेकड्यांच्या कडेने वळणे घेत जाणाऱ्या, चढउतार बेताचे असलेल्या. परंतु वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात मुक्त प्रवेश नाही. कलम २८ खाली अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी परवाना मिळू शकतो. सार्वजनिक रस्त्याने आरपार जाणे आणि रस्ता सोडून आत शिरणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिलीला परवाना लागत नाही, दुसरीला लागतो. वन्यजीव विभागाच्या कार्यालयाकडे आधी अर्ज करून परवाना, वेळ आणि वाट या तिन्ही गोष्टी लेखी घेतलेल्या बऱ्या.

परवाना मिळाला तरी जून ते सप्टेंबर या महिन्यांत आडवाटेने सायकल घालू नये, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते. मोराचा पिसारा फुलतो तो याच दिवसांत. लांडोर घरटे झाडावर बांधीत नाही. झुडपांच्या आडोशाला जमिनीवरच उथळ खळगा करून अंडी घालते. तित्तिर, लावे, चंडोल हेही जमिनीवरच वीण करणारे पक्षी. माणूस पायी येत असेल तर त्याची चाहूल दूरवरून लागते आणि पक्षी हलका निसटून जातो. सायकल मात्र आवाज न करता, वेगाने आणि एकाएकी समोर येते. पक्षी दचकून उठतो, अंडी उघडी पडतात, आणि कावळे-मुंगूस यांना तेवढी संधी पुरते. अभयारण्याबाहेरच्या गायरानांवरही हीच स्थिती असते, पण तेथे अडवायला कोणी नसते.

हिवाळा सरल्यावर निर्बंधाचे कारण बदलते. राज्यात साधारणपणे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानला जातो. माळावरचे गवत तोवर वाळून कोळ झालेले असते. एक ठिणगी पुरते. वणवा अडविण्यासाठी वन खाते गवत काढून व जाळून मोकळे पट्टे तयार ठेवते, त्यांना जाळरेषा म्हणतात. सायकलस्वाराला हा रुंद, साफ पट्टा म्हणजे जणू आपल्यासाठीच आखलेली वाट वाटते. ती तशी नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणे आणि आग लावणे हे दोन्ही गुन्हे आहेत. चहासाठी तीन दगडांची चूल मांडण्याची हौस या काळात गावातच भागवावी. वणवा दिसल्यास वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

राज्यात इतरत्रही हंगामी बंदीची उदाहरणे आहेत. ताडोबाचे गाभा क्षेत्र दरवर्षी पावसाळ्यात तीन महिने पर्यटकांसाठी बंद असते. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या दिवसांत दररोजच्या प्रवेशसंख्येवर मर्यादा घालण्यात आली. नायगावला तशी गर्दी नाही. आहे ती शांतता टिकावी एवढाच येथील नियमांचा हेतू.

कोयत्याचा हंगाम

सायकलीसाठी बालाघाटाचा उत्तम काळ कोणता, असे विचारल्यास नोव्हेंबरच्या आरंभापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा, असे उत्तर द्यावे लागेल. आकाश निरभ्र असते, पहाटे गारठा आणि दुपारी सोसवेल असे ऊन, वाटा सुकलेल्या, ओढ्यांना थोडे पाणी. परंतु याच महिन्यांत जिल्ह्याचे चित्र पालटलेले असते आणि बाहेरून येणाऱ्यांना त्याची सहसा कल्पना नसते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लक्षावधी ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणण्याची रीत आहे. असे कोयते ट्रक-ट्रॅक्टरमधून संसारासह बाहेर पडतात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी, कारखान्याचा पट्टा पडल्यावर परततात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी या डोंगराळ तालुक्यांतील वाड्या-तांडे त्या काळात अर्ध्याहून अधिक रिकामे होतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे, त्यांच्याजवळ ठेवलेली मुले आणि थोडी जनावरे.

याचा सफरीशी संबंध सरळ आहे. चाक मोडले, पाय मुरगळला तर नकाशावर दिसणारी वाडी गाठावी असे ठरविले जाते. प्रत्यक्षात तेथे मोटारसायकल चालवू शकेल असा माणूस नसतो आणि किराणा दुकानालाही कुलूप असते. मदतीची जागा म्हणून बाजाराची गावेच धरावीत. दुसरे असे की, पाणी आणि भाकरी मागून घेता येईल असे गृहीत धरणे या काळात उचित नाही. आजी घरातले सगळे पुढे ठेवील, यात शंका नाही. पण ती घागर तिने कोठून आणली हे पाहुण्याला दिसत नाही. शिधा आपला न्यावा आणि घेतलेल्या गोष्टीचे पैसे बळेच द्यावेत.

या काळातील तिसरी गोष्ट रस्त्यावरची. गाळप हंगामात संध्याकाळनंतर उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. पुष्कळांना मागे दिवा किंवा परावर्तक नसतो. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो, म्हणून पाचपर्यंत मुक्कामी पोहोचण्याचा नेम पाळावा. शेतातल्या वाटेने तर अंधारात मुळीच जाऊ नये. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी काही ठिकाणी तारेत बेकायदा वीज सोडली जाते आणि तिने माणसेही दगावली आहेत. बिबट्याचाही विचार असावा. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला आणि तालुका कित्येक दिवस भीतीच्या छायेत होता. अशा वेळी वन खाते गावकऱ्यांना शेतात एकट्याने न जाण्याची सूचना देते. ती पाहुण्यांनाही लागू असते, हे सांगण्याची गरज नसावी.

पीक, फळ आणि यात्रा

ऑक्टोबरचा महिना दोन्ही ऋतूंच्या मधला. वाट सुकू लागलेली असते आणि डोंगर अजून हिरवा असतो. हौशींना हा काळ फार आवडतो. पण याच दिवसांत सोयाबीनची काढणी, बाजरीची कापणी आणि रब्बी ज्वारीची पेरणी एकदम चालू असते. मळणीयंत्र पांदणीत उभे राहते, डांबरी सडकेच्या अर्ध्या भागात धान्य वाळत घातलेले असते. त्या धान्यावरून सायकल नेणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटावरून पाय टाकून जाणे होय. उतरून, बाजूने चालत जावे. बांधावरची वाट ही बहुधा दोन शेतकऱ्यांमधली तडजोड असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी बांधावरून रस्ता मागण्याचा हक्क देते. पर्यटकाला त्यातून कोणताही हक्क मिळत नाही, आणि अशा बांधांवरून वर्षानुवर्षे तहसिलीत दावे चालू असतात. आधी विचारावे; होकार बहुतेक वेळा मिळतोच.

बालाघाटाच्या उतारांवरील सीताफळे याच सुमारास पिकतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पहाटेपासून पाट्या घेऊन डोंगरात जाणाऱ्या कुटुंबांच्या हातात या दिवसांत चार पैसे पडतात. उतारावरच्या अरुंद वाटेने सायकल वेगाने सोडायची आणि वळणावर डोक्यावर पाटी घेतलेली बाई समोर यायची, असा प्रसंग टाळायचा असेल तर सकाळी दहापर्यंत या वाटा त्यांच्यासाठी सोडाव्यात. वाटेकडेची पिकलेली फळे धनी नसल्यासारखी दिसली तरी झाडांचे हक्क वाटलेले किंवा लिलावाने दिलेले असू शकतात.

यात्रांचे दिवस टिपून ठेवावेत. आषाढी वारीसाठी पैठणहून निघणारी संत एकनाथांची पालखी शिरूर कासार आणि पाटोदा परिसरातून जाते, मुक्ताईनगरची पालखी बीड शहरातून, तर शेगावची परळी-अंबाजोगाईमार्गे. त्या आठवड्यात देवळे, शाळा, धर्मशाळा वारकऱ्यांनी भरलेल्या असतात आणि तो त्यांचाच मान. दसऱ्याला सावरगाव घाट आणि नारायणगड येथील मेळाव्यांमुळे रस्त्यांवर वाहनांची रीघ लागते. कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला लिंगायत भाविक मोठ्या संख्येने येतात. नोव्हेंबरच्या सफरीत ही तिथी आडवी येतेच. महाशिवरात्रीला परळी वैजनाथचा रस्ता धरू नये.

फेब्रुवारीनंतर सायकल बांधून ठेवलेली बरी. मार्चपासून ऊन वाढते, एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या पुढे जातो. अवकाळीचीही भीती असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाड्यात हाहाकार उडविला होता. पण खरा प्रश्न पाण्याचा आहे. २०१३, २०१६, २०१९ अशा टंचाईच्या वर्षांत टँकरच्या पाण्यावर जगणारी गावे याच डोंगरपट्ट्यात होती. एक सायकलस्वार उन्हाळ्यात दिवसाला सहा-सात लिटर पाणी सहज पितो. दहा जणांचा गट म्हणजे साठ-सत्तर लिटर. ज्या गावात माणशी हंड्यांचा हिशेब चालतो तेथे हा भार टाकू नये.

तीन दिवसांचा आराखडा

डिसेंबर किंवा जानेवारी धरून बीडहून तीन दिवसांची सफर अशी आखता येईल. पहिल्या दिवशी पहाटे लवकर निघून शहराच्या दक्षिणेची खजाना बावडी पाहावी. निजामशाहीच्या काळातील, सोळाव्या शतकातील ही विहीर आणि तिचे भुयारी कालवे म्हणजे अवर्षणप्रवण प्रदेशातील जलव्यवस्थेचा अस्सल नमुना होय. पुढे पालीजवळ बिंदुसरेचा तलाव लागतो आणि मांजरसुंब्याचा घाट चढून पठारावर येता येते. बीड ते मांजरसुंबा हे अंतर वीसेक किलोमीटरचे असले तरी हा सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग आहे, अवजड वाहने वेगाने जातात. उजाडताच तो संपवावा. उरलेला दिवस कपिलधारला द्यावा.

दुसऱ्या दिवशी लिंबागणेश, नायगावमार्गे पाटोदा. हा सफरीचा गाभा. डांबरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाच्या वाटा फुटतात. काही गावांच्या, काही पवनचक्क्यांकडे जाणाऱ्या. पवनचक्क्यांचे रस्ते रुंद, पक्के आणि चढाला एकसारखे असतात, त्यामुळे सायकलीला ते उत्तम. पण ते खासगी असून बऱ्याच ठिकाणी रखवालदार असतो. त्याला विचारून, त्याने नाही म्हटले तर वाद न घालता परतावे. तिसऱ्या दिवशी सौताडा. डिसेंबरात धबधब्याची धार बारीक झालेली असते, दरी मात्र तशीच भव्य राहते आणि पायऱ्यांनी रामेश्वरापर्यंत निर्धोक उतरता येते. तेथून जामखेड जवळ असून अहिल्यानगर, पुण्याकडे जाणारी वाहने मिळतात.

सायकल गिअरची, रुंद टायरची आणि भक्कम ब्रेकची हवी. सर्वाधिक त्रास काट्यांचा होतो. पावसाळ्यानंतर सराट्याची बोंडे वाळून वाटेवर पसरतात आणि बाभळीचे काटे शेतकरी कुंपणासाठी रचतात. दोन्ही जाड टायरलाही दाद देत नाहीत. ट्यूबमध्ये छिद्र बुजविणारे द्रावण भरून घ्यावे आणि माणशी दोन जादा ट्यूब न्याव्यात. कुसळी गवताची कुसळे मोज्यांत आणि साखळीत शिरतात, म्हणून जाड मोजे आणि घट्ट विजार घालावी. घोणस आणि फुरसे हे विषारी साप माळावर आढळतात. सर्पदंशात वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही मोठ्या उपचाराची ठिकाणे होत.

ज्यांच्याजवळ आणखी दोन दिवस असतील त्यांनी जिल्ह्याचा पूर्वभाग वेगळा करावा. धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान याने १५६७ च्या सुमारास बांधला. गावाखालचा घाट अरुंद, वळणांचा आणि अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे; तो चढताना सायकल हातात धरून चालण्यात कमीपणा नाही. पुढे अंबाजोगाईत योगेश्वरीचे मंदिर, हत्तीखाना नावाने ओळखली जाणारी लेणी आणि दरीच्या तोंडाशी आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. तेथील दऱ्याखोऱ्यांतील वाटा पश्चिमेकडच्या पठारापेक्षा अधिक खडकाळ आहेत आणि उशिरापर्यंत ओल धरून ठेवतात, त्यामुळे हा टप्पा जानेवारीवर ढकललेला चांगला.

बीडला पोहोचण्यासाठी अनेक वर्षे फक्त रस्त्याचाच आधार होता. अहिल्यानगर-बीड-परळी लोहमार्गाचा आष्टीपर्यंतचा टप्पा २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड शहरापर्यंत प्रवासी गाडी येऊ लागली. सायकल गाडीत नेण्याची सोय आणि तिचे भाडे याची चौकशी स्थानकावर आधीच करावी. एसटीने यायचे असल्यास हीच चौकशी आगारात करून ठेवावी. सायकल सुटी करून, पुढचे चाक काढून गोणपाटात बांधली असेल तर दोन्हीकडे अडचण कमी येते.